खंडूचं पान

कौशल्याबाई : ह्या आपरेशनात तुजा फायदा मला कळला, हिंदुराव. नवा खुबा, दोन्ही पाय सारखे, कारखान्यात स्टोअरातल्या स्टुलावरनं उठून पुन्यांदा प्रेसवर. आन् माज्या खंडूला काय?

हिंदुराव : मावशी, खंडूला जाऊन पंधरा वर्षं झाली.

कौशल्याबाई : गेला कुठं? दर साली सराधाचं पान वाढते. कावळा कौलावर बसतो, बघतो आन् मान फिरवतो. शिवत न्हाई. शेवटी तूच येऊन जेवतोस.

हिंदुराव : तुझी वांग्याची भाजी तिखट लागत असेल त्याला.

कौशल्याबाई : कर थट्टा. प्रेसखाली सापडलास, रगत मिळंना, तवा सगळी शिफ्ट खाली मान घालून हुबी. माज्या पोरानं बाही सारली. 'घ्या की, आमाला काय कमी हाय?' त्याच पंधरवड्यात ट्रकनं नेला त्याला. निम्मा चाकणच्या रस्त्यावर सांडला, निम्मा तुज्यात ऱ्हायला. निम्म्या मान्साला वर कोन घेतंय?

चित्रा सिस्टर : आजी, भेटीची वेळ संपत आली. हिंदुराव, उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा.

कौशल्याबाई : बाई, मांडी उघडली की रगत लई वाहील न्हवं?

चित्रा सिस्टर : घाबरू नका. डॉक्टर शिरेतून एक औषध देणार आहेत. जमलेली गुठळी ते लवकर विरघळू देत नाही, म्हणून रक्त कमी जातं. शिवाय यांचंच एक बाटली रक्त आधी काढून ठेवलंय. लागलं तर परत यांनाच चढवायचं.

कौशल्याबाई : ते औषद नगं देऊ. वाहू दे की जरा.

चित्रा सिस्टर : असं काय बोलता, आजी?

कौशल्याबाई : माजं पोर आडकलंय त्यात. वाट मिळाली तर जाईल.

चित्रा सिस्टर : दुसऱ्याचं रक्त अंगात चार महिन्यांच्या वर टिकत नाही हो. केव्हाच संपलं ते.

कौशल्याबाई : संपलं व्हय? खंड्या!

हिंदुराव : ओ.

चित्रा सिस्टर : तुम्ही का ओ दिलीत?

हिंदुराव : मी? मी दिली?

कौशल्याबाई : बग.

हिंदुराव : सवय असेल, सिस्टर. तुम्ही औषध द्यायचंच. ठरलं तेवढं सगळं द्यायचं. तुम्ही निघा आता. मावशी, जवळ ये. घरात दोन पोरी आहेत माझ्या, मी काही वाहून जाणार नाही. पण सौदा ऐक. औषध लागू पडलं तर बाटली उरते. उरली की मागून घेतो आणि तुझ्या हातात देतो. आळंदीला ने, इंद्रायणीत सोड. मला पाय, तुला मोकळा खंडू.

कौशल्याबाई : शब्द?

हिंदुराव : शब्द.

कौशल्याबाई : मग दे म्हनावं औषद.

(ऑपरेशननंतर, त्याच वॉर्डात. शेजारच्या खाटेवर एक तरुण डोळे मिटून पडलेला.)

चित्रा सिस्टर : बघा आजी, ड्रेसिंगवर जेमतेम डाग. डॉक्टरही खूश आहेत. बाटलीची गरजच पडली नाही.

हिंदुराव : मग ती मला द्या, सिस्टर. नियमबियम सांगू नका, माझंच रक्त आहे.

चित्रा सिस्टर : ती तर दिली.

हिंदुराव : कुणाला?

चित्रा सिस्टर : या सयाजीला. माण गावचा आहे. चाकणच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं. गट तुमचाच निघाला, रक्तपेढीत त्या गटाची दुसरी बाटली नव्हती. तुम्हाला विचारूनच दिली.

हिंदुराव : मी गुंगीत होतो.

चित्रा सिस्टर : म्हणूनच पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणालात. हसतसुद्धा होतात.

हिंदुराव : काय म्हणालो?

चित्रा सिस्टर : 'घ्या की, आमाला काय कमी हाय?' मला नवल वाटलं, एरवी तुम्ही असं बोलत नाही. आजी, बसा, बसा. पाणी देऊ?

कौशल्याबाई : नगं.

हिंदुराव : मावशी, पोरींची शपथ. तो मी नव्हतो.

कौशल्याबाई : म्हाईत हाय मला. तू कशाला देशील? सौदा तुजा-माजा झाला, त्याला कुनी इचारलंच न्हाई.

हिंदुराव : एकदा हाक मारून बघ. माझ्यातून तरी गेला असेल.

कौशल्याबाई : खंड्या.

हिंदुराव : ओ.

सयाजी : ओ.

चित्रा सिस्टर : अरे, हा आणल्यापासून शुद्धीवर नव्हता. सयाजी? सयाजी, ऐकू येतंय का? आता नाही बोलत.

हिंदुराव : मावशी, तू तरी बोल काहीतरी.

कौशल्याबाई : काय बोलू? तुला पाय मिळाला, ह्येला जीव मिळाला. घेनारे दोन, देनारा माजा एकटाच. सिस्टर, ह्यो उठला की इचार बाई, तिखट चालतंय का. औंदापासनं मला दोन पानं वाढायची हायेत.