शुक्रवारपर्यंतचं तापमान

दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर बाळ होतं.

"ताई, लसींच्या फ्रिजचं तापमान आम्ही रोज दोनदा बघून लिहितो. नव्या साहेबांनी सकाळी शुक्रवारपर्यंतचं लिहून टाकलं."

"अगं, आज मंगळवार."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, फ्रिज काय रोज बदलतो का?"

"त्यांचं शिक्षण काय?"

"विचारलं की मोठ्या साहेबांचं नाव घेतात. खाली सही मात्र माझी मागितली."

"त्यांची का नको?"

"तेच खटकतंय."

"तू केली नाहीस ना?"

"केली."

"आणि स्वतःच्या बाळाला टोचायला तुमचा दवाखाना सोडून इथे आलीस."

"हळू बोल, ताई. त्या शेजारच्या बाई ऐकतायत."