हिरव्या ओळीमागचे खरे खाते

माझे नाव शिवदास विठू कोरगावकर, वय एकोणपन्नास, धंदा खासगी नोकरी, राहणार देऊळवाडा, इब्रामपूर, तालुका पेडणे. मी आज पोलीस ठाण्यात आपणहून आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही, कोणी पाठवलेले नाही. समक्ष सांगतो ते असे:

डिचोली बाजारात श्री. सुदेश वेरेकर यांचे संगणक सेवेचे कार्यालय आहे. तेथे मी नोकरीस आहे. त्याआधी खाणीवर वजनकाट्याच्या संगणकावर होतो; खाण बंद पडली तेव्हा इथे लागलो. आम्ही एका डायलिसिस केंद्राच्या नोंदी सांभाळतो. रुग्णाचे वजन कितीवर आणायचे, रक्त पातळ करण्याचे औषध किती द्यायचे, मागच्या खेपेला त्रास काय झाला, हे सर्व त्यात असते. या नोंदी आमच्या खोलीत नसतात. भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकांवर, म्हणजे क्लाउडवर असतात.

तिथे आमची दोन खाती आहेत. एकात खऱ्या रुग्णांच्या नोंदी. दुसरे सरावाचे, त्यात खोटी नावे भरून काम तपासायचे आणि दर शुक्रवारी सगळे पुसून टाकायचे. दोन्हींचे काम एकाच काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालते. पुसण्याची आज्ञाही दोन्हीकडे सारखीच. आपण कोणत्या खात्यात आहोत हे त्या खिडकीत मुळात दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक मशीनवर अशी सोय केली, की ओळीच्या सुरुवातीला, जिथे संगणक पुढच्या आज्ञेची वाट बघत थांबतो, तिथे खात्याचे नाव दिसावे. खरे खाते असेल तर तांबड्या अक्षरांत 'रुग्ण', सरावाचे असेल तर हिरव्या अक्षरांत 'सराव'. ओळ तांबडी असताना एकट्याने काही करायचे नाही. शेजारी दुसरा माणूस बसवायचा, आज्ञा त्याला मोठ्याने वाचून दाखवायची, मगच बटण दाबायचे, असा रिवाज मी घातला. पोरे सुरुवातीला हसत. "काकांची आरती सुरू झाली" म्हणत. नंतर सगळीच तसे करू लागली.

ओळीवर दिसते ते फक्त नाव. त्या नावाखाली कोणत्या खात्याच्या किल्ल्या ठेवल्या आहेत ते ओळ तपासत नाही. किल्ल्या म्हणजे खाते उघडणारी लांबलचक गुप्त अक्षरे. दाराबाहेर पाटी असते, पण आत कोण राहतो ते पाटीला ठाऊक नसते, तसे आहे. म्हणून किल्ल्यांची अदलाबदल कोणी करू नये असे मी सर्वांना बजावले होते. त्या वेळी श्री. वेरेकर समोर होते. त्यांनी ते समजून घेतले होते, उलट दोन प्रश्नही विचारले होते.

गेल्या गुरुवारी सकाळी श्री. वेरेकर माझ्या टेबलाकडे आले. ते म्हणाले, "शिवदासबाब, दनपारा विम्याचो पावणो येतलो. ताका खरी नावां दाखवची आसत. पण तांबडा बघून तो घाबरतलो. तेवढा हिरवा करून दिवा."

मी म्हणालो, "तो रंग पाहुण्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे. आणि रुग्णांची नावे पाहुण्याला कशाला?"

ते म्हणाले, "तुमी देवमाणूस. तुमका धंदो कळना."

मी ते काम केले नाही. दुपारनंतर मी रजेवर होतो. गुरुवारी माझी बहीण पद्मावती हिचे डायलिसिस असते. ती त्याच केंद्रात जाते आणि तिला नेणारा मी एकटाच आहे.

त्या दुपारी मी कार्यालयात नव्हतो. पुढचे मला आमच्याकडे हिशेब बघणाऱ्या श्रद्धाने सांगितले. तिचा जबाब वेगळा घ्यावा. मोठा पडदा आमच्याकडे काम करणाऱ्या योगिता या मुलीच्या मशीनला आहे म्हणून श्री. वेरेकर पाहुण्याला घेऊन तिथे बसले. योगिताला त्यांनी बाहेर बँकेत पाठवले. श्रद्धा चहा घेऊन गेली तेव्हा पाहुण्याने पडद्यावरच्या एका नावावर बोट ठेवले होते. तो विचारत होता, "ही बायल आनी किती वर्सां काडतली?" श्री. वेरेकर म्हणाले, "तुमी हप्तो ठरवा. फुडला ती ठरयतली." दोघेही हसले. बोट कोणाच्या नावावर होते ते मी श्रद्धाला विचारले. तिने सांगितले. ते नाव मी येथे लिहून देत नाही.

शुक्रवारी सकाळी योगिता गणपत नलवडे, वय तेवीस, हिने नेहमीप्रमाणे सरावाचे खाते पुसले. ही मुलगी मूळ खानापूरकडची, डिचोलीत खोली घेऊन राहते. वडील सेंट्रिंगचे काम करतात. मी पोचलो तेव्हा केंद्राचा फोन वाजत होता आणि कोणी उचलत नव्हते. योगिता उभी होती. ती म्हणाली, "काका, हिरवंच होतं. बघा ना, अजून हिरवंच आहे."

मी बसून पाहिले. ओळ हिरवी होती. तिच्यावर 'सराव' लिहिलेले होते. आतली मांडणी उघडली तर 'सराव' या नावाखाली रुग्णांच्या खात्याच्या किल्ल्या होत्या. खऱ्या नोंदी गेल्या होत्या. त्यांच्या प्रतीही त्याच खात्यात ठेवलेल्या असल्याने त्याही गेल्या. प्रती वेगळ्या ठेवाव्यात असे मी पूर्वी सांगितले होते, ते झाले नव्हते.

श्री. वेरेकर माझ्या पाठीमागे उभे राहून भाजी-पाव खात होते. त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "आरे देवा. काल मियांच घातल्यो त्यो. परत काडूक विसरलंय." हे शब्द मी ऐकले. योगितानेही ऐकले. मग त्यांनी मला उठवले आणि स्वतः बसून किल्ल्या पूर्ववत केल्या. आहे तसे राहू द्या, चौकशी होईल, असे मी म्हणालो. "मशीन माजा, हात माजो," असे ते म्हणाले. त्यांच्या बोटांना भाजीचा रस होता, तो कळफलकावर लागला. नंतर मला त्याच मशीनवर बसावे लागले. बसण्यापूर्वी मी तो पुसला आणि उठल्यावर हात धुतले. हे मला विचारलेले नाही, तरी लिहावे.

सायंकाळी त्यांनी योगिताविरुद्ध तक्रार दिली, की बहिणीच्या साखरपुड्याला रजा दिली नाही म्हणून तिने सूडाने नोंदी पुसल्या. रजा नाकारली होती हे खरे आहे. नाकारल्यावर ती "बरं सर" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. याहून जास्त ती काही बोललेली मी ऐकले नाही.

शनिवारी मी पद्मावतीला पुन्हा केंद्रात नेले. परिचारिका प्रत्येकाला तोंडी विचारून वजन आणि औषध कागदावर लिहीत होत्या. एका म्हाताऱ्याला काही आठवत नव्हते. त्याचा मुलगा कामावरून येईपर्यंत त्याला तसेच बसवून ठेवले. तो सारखा माफी मागत होता.

सोमवारी कार्यालय उघडल्यावर श्री. वेरेकरांनी योगिताच्या मशीनपुढे नारळ ठेवला, उदबत्ती लावली आणि सगळ्यांना उभे केले. आमच्याकडे अडचणीत देवापुढे गाऱ्हाणे घालतात. एकाने मागणे बोलायचे, बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचे. मी लहानपणापासून देवळात हे म्हणत आलो आहे. श्री. वेरेकरांनी गाऱ्हाणे घातले, की ह्या घराण्याची राखण कर; सगळे म्हणाले, मीही म्हणालो. मग ते म्हणाले, "ज्या घाटी पोरीन आमच्या अन्नात माती घातली, तिका तू बघून घी." बाकीचे खाली बघत "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी म्हणालो नाही. श्री. वेरेकरांनी ते ऐकले असावे. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले आणि परत मिटले.

नंतर ते नारळाची शकले आणि साखर घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्यांचे शब्द असे: "जबाबात एकच सांगा, वळ तांबडी होती. बाकी मी बघतंय. ती पोर उद्यां आपल्या गावाक वतली. तुमका हयच ऱ्हवचा आसा. तुमच्या भयणीचा केंद्रय हयच आसा." प्रसाद त्यांनी पुढे केला. तो मी घेतला नाही. यापूर्वी देवाचा प्रसाद मी कधी नाकारलेला नाही. त्या दिवसापासून मी कामावर गेलेलो नाही.

त्या मशीनवर आता पाहिले तर सर्व व्यवस्थित दिसेल, म्हणून तोंडी सांगत आहे. विम्याच्या पाहुण्याला मी ओळखत नाही. त्याला शोधून एवढेच विचारावे, की खरी नावे वाचत होता तेव्हा ओळ कोणत्या रंगाची होती. मी घालून दिलेल्या नियमाप्रमाणेच योगिताने काम केले. हिरव्या ओळीवर दुसऱ्या माणसाला बोलावण्याचे तिला कारण नव्हते. मी तिच्या जागी असतो तर मीही ते बटण दाबले असते.

हा जबाब टाइप करून मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. वाचताना दार उघडे ठेवावे अशी मी विनंती केली, ती मान्य झाली. बाहेर बाकावर योगिता व तिचे वडील गणपत नलवडे बसलेले आहेत. श्री. वेरेकर यांच्या तोंडची वाक्ये तशीच ठेवायची की थोडक्यात लिहायची, असे मला विचारले. तशीच ठेवावीत असे मी सांगितले. किल्ल्या आपणच घातल्या हे त्यांचे वाक्य वाचले गेले तेव्हा गणपत नलवडे दारापर्यंत आला आणि त्याने विचारले, "अण्णा, हे लिवलंय का नुसतं बोलायलाय?"

लिहिले आहे, असे मी त्याला सांगितले. वरील मजकूर मी बोललो तसाच उतरला आहे, त्यात चूक नाही, म्हणून खाली सही करतो.

शिवदास विठू कोरगावकर