ओल्या अंगाने पेठेतून जाण्याबाबत

विषय : सांगली शहराच्या ऐन मध्यातून पोहत, सायकल मारत आणि पळत पुऱ्या केलेल्या शर्यतीचे पदक न मिळणेबाबत.
संदर्भ : माझे हाल.

महोदय... छे, महोदय राहू द्या, महोदय फोन उचलत नाहीत, तुम्हालाच सांगतो! पदक देत नाहीत म्हणे! का? तर मी बाहेरची मदत घेतली! मदत? अहो, चार माणसांनी भर रस्त्यात धरून मला स्कूटरवर कोंबलं, याला मदत म्हणतात? पण मला संशय तेव्हाच आला होता! नाव नोंदवायला गेलो त्या दिवशीच. तिथल्या संयोजक भाग्यश्रीबाई, वयानं माझ्या मुलीएवढ्या, गोड हसून म्हणाल्या, 'काका, इथं सही करा हं,' आणि कागदावर काय? 'जिवाचे बरेवाईट झाल्यास जबाबदारी माझी.' आता बरंवाईट झाल्यावर मी जबाबदारी घ्यायला येणार कुठून? म्हटलं, 'बाई, कृष्णेत मगरी आहेत, त्यांचं काय?' 'वन खात्याला कळवलंय, काका!' वन खात्याला कळवलंत, उत्तम. मगरीला कुणी कळवलंय?

तुम्ही म्हणाल, एवढा संशय होता तर या वयात ट्रायथलॉनच्या फंदात पडलात कशाला? सांगतो. आमचं कडेगावकडचं घर म्हणजे फौजेचं घर. वडील हवालदार, भाऊ सुभेदार, मुलगा जयराज आज सीमेवर, मेहुणा नाथाजी निवृत्त नाईक. बैठकीच्या भिंतीवर सगळ्यांची पदकं. मी एकटा भरतीच्या मैदानात पळता पळता जो खाली बसलो, तो उठलो थेट सरकारी कचेरीतल्या खुर्चीत! पाहुणा आला की भिंत बघतो, मला बघतो आणि विचारतो, 'ह्यातलं तुमचं कुठलं, भाऊसाहेब?' काय सांगणार? आणि इथं वेळेत शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला पदक होतं हो! नंबरबिंबर काही नाही. फक्त पुरी करायची. पुरी!

म्हणून गेलो. पण बायकोशिवाय कुणाला सांगितलं नाही. शेजारी तवनाप्पा, हळदीचे व्यापारी. त्यांना कळलं असतं तर मारुती चौकापर्यंत हसू पिकलं असतं, 'भाऊसाब, तुमच्या टेबलावरची फाईल कवा पळाली न्हाई, तुमी काय पळताय?' बूटसुद्धा नेले नाहीत. घाटावर आपण पाण्यात आणि बूट काठावर... कोण राखणार? मला संशय आलाच होता. शाळा अनवाणी केली, शर्यतही करू! बायको, शालूबाई, पहाटेच घराला कुलूप लावून शर्यत संपते तिथल्या फुगवलेल्या कमानीपाशी जाऊन उभी राहिली आणि मी उतरलो नदीत.

पोहलो. मगर आली नाही. बाहेर आलो तो धापा टाकत, अंगातून पाणी निथळतंय, पाय अनवाणी, सर्दीच्या भीतीनं खांद्यावर ओला पंचा, आणि सायकली ठेवलेल्या वर पेठेच्या तोंडाशी. तिथं समोर कोण? तवनाप्पा! दुकानाचं कुलूप काढत होते. म्हटलं, आता विचारणार! काही नाही. माझ्याकडं पाहिलं, मान खाली घातली, बाजूला झाले. मी मनात म्हटलं, वा, माणूस सुधारला! आयुष्यात एकदा संशय यायला हवा होता, तेव्हा मात्र आला नाही. अहो, सकाळच्या पारी घाटावरून ओल्या अंगानं, अनवाणी, खाली मान घालून येणारा माणूस... त्याला कुणी काही विचारतं का? आपल्याकडं नाही विचारत. समजून घेतात.

आणि समजून घेतलं! माझ्या दाराला कुलूप, शालूबाईचा पत्ता नाही, सडा नाही, रांगोळी नाही. तवनाप्पांनी दोन अधिक दोन केले.

मी हेल्मेट घालून सायकलवर. पहिल्या फेरीला दुकानापुढं दोघं उभे. दुसरीला दहा-बारा. तिसरीला तर टोप्या घातलेली मंडळी आणि दुकानाचं दार निम्मं ओढलेलं! मला वाटलं, बातमी फुटली, सत्कार आहे. मी हात केला. टाळी एक नाही! उलट एकानं डोळे पुसले. नंतर कळलं तिथं काय चाललं होतं. 'पोरगं सीमेवर, सगळं एकट्यावर पडलं बघा.' 'पर सायकलवर फेऱ्या कशापायी?' 'सांगावा द्यायला निघाल्यात. सुतकात कुणाच्या दारात थांबाय ईना, नुसतंच फिरत्यात बिचारं.' 'आन् त्ये डोस्क्याला काय बांधलंय?' 'दुःखात मानसाला कुठं कळतंय, गड्या!'

सायकल ठेवली, पळायला लागलो. शेवटचा टप्पा! पोटरीत गोळे, छातीत भाता, पण कमान जवळ येत होती आणि मी, भरतीच्या मैदानात बसलेला मी, पळत होतो हो! तेवढ्यात समोर तवनाप्पांची स्कूटर आडवी. नाथाजी! डोळे लाल, काखेत हिरवी साडी. तवनाप्पांचा फोन गेल्यावर कडेगावहून जीपनं आलेला, बहिणीसाठी माहेरचं शेवटचं लुगडं घेऊन.

'दाजी! आमाला न बोलवता उरकलंसा?'

'काय उरकलं? सोड रं, शर्यत हाय!'

'शर्यत? आक्काचं त्वांडसुदीक दाखवलं न्हाईसा... काय झाकायचं हुतं तुमाला?'

बघा! जन्मभर मी दुसऱ्यांवर संशय घेतला, आणि भर चौकात माझ्यावर खुनाचा संशय, तोही चड्डीबनियनमध्ये! मी म्हणतो, 'तुझी आक्का कमानीपाशी उभी हाय!' तो म्हणतो, 'डोस्क्यावर परिणाम झालाय, धरा ह्यास्नी!' पुढं नाथाजी, मध्ये मी, मागं तवनाप्पा मला मिठी मारून, 'सोसायचं, भाऊसाब, आपल्या हातात काय असतंय?' आणि स्कूटर घराकडं!

दारात ही गर्दी. मला ओट्यावर बसवतायत, कुणी पाणी पाजतंय, आणि नाथाजीचा फोन वाजला. त्यानं फोन बघितला आणि फौजी माणूस दोन पावलं मागं सरला. फोन माझ्या हातात दिला. वर नाव होतं, आक्का.

'नाथा, तुझ्या दाजींचा काय फोन आला का रं? सगळी पोरं आली, कमानीतली हवा काढाय लागल्यात हितं!'

मी म्हटलं, 'नाथाजी, जिथनं उचललंस तिथंच सोड. एक पाऊल पुढं न्हाई.' चोरीचं पदक भिंतीवर नको होतं मला. त्यानं सोडलं. मी पळालो, आणि मागून सगळी पेठ पळाली, टोप्या सावरत! 'आवं, पळा, पळा! शालूबाई जित्या हायत!' असं ओरडत आम्ही कमानीत शिरलो. म्हणजे कमान आडवी झाली होती, तिच्यावरून गेलो. वेळ संपायला अजून थोडा अवकाश होता! शालूबाईनं विचारलं, 'ह्ये सगळं तुमच्यासाठी आल्यात?' म्हटलं, 'न्हाई, तुझ्यासाठी.'

भाग्यश्रीबाई म्हणाल्या, 'काका, तुम्ही वाहनावर बसलेले दिसलात. नियमात बसत नाही.' म्हटलं, 'अहो, ते अपहरण होतं!' त्या हसल्या. गोड. मला संशय आला... आणि म्हणाल्या, 'लेखी द्या ना.'

लेखी द्या! जे मी जन्मभर लोकांना म्हणालो!

दिलं. उत्तर आलं, सदर निधन झाले नसल्याचा पुरावा जोडावा. तलाठ्याकडून शालूबाईचा हयातीचा दाखला काढला, जोडला. शालूबाई म्हणाली, 'मी जिती हाय, ह्ये दाखवाय सरकारचा शिक्का लागतोय व्हय?' हिरवी साडी मात्र तिनं नाथाजीला परत दिली नाही, नेसली. परवा आणखी कळवलंय, दाखल्याची प्रत पुसट आहे, तरी संबंधित महिलेने समक्ष हजर राहावे. ती म्हणाली, 'सांगा त्यास्नी, मेलेली असते तर आले असते. जित्याला घरात कामं हायत.'

अर्ज प्रलंबित आहे.