पलंगाखालचा कन्व्हर्टर

...आणि वर म्हणतो कसा, "आजोबा, त्यात काय आहे? एक डबा काढायचा, एक डबा बसवायचा. चहाच्या आत होतं!" कुणाच्या चहाच्या आत? कुठल्या वर्षीच्या? तुम्हाला सांगतो, मी चिडत नाही. पस्तीस वर्षं ट्रक चालवला, चिखलात दोन-दोन दिवस रुतून बसलो, पण कधी कुणाला वाकडा शब्द बोललो नाही. पण त्या दुकानदाराला मला एकदा भेटायचंय. नुसतं भेटायचंय. चहा प्यायला.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा कुठला डबा घेऊन बसलाय. आमचा ट्रेलर आहे. म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. एक खोली समजा. त्यातच पलंग, त्यातच शेगडी, त्यातच उभ्याने भांडी घासायची मोरी, आणि उरलेल्या जागेत मी आणि आमची ही. आता या घरात एक कन्व्हर्टर असतो. तो काय करतो? बाहेरची वीज आत घेतो आणि बॅटरीला सोसेल अशी करून तिला भरवतो. लहान मुलाला घास कुस्करून भरवतात ना, तसं. मग वायर काढून कुठेही जा, रिकाम्या माळावर उभे राहा, बॅटरी रात्रभर पुरते. म्हणजे पुरायला हवी. आमची अर्ध्या रात्रीतच मान टाकायची.

मी म्हटलं असतं, जाऊ दे, अंधारात झोपू. पण हिला झोपताना श्वासाचं मशीन लागतं. नाकावर मुखवटा, मुखवट्याला नळी, नळीला मशीन आणि मशीनला वीज. झोपेत हिचा श्वास अडकतो हो. डॉक्टरांनी बजावलंय, एक रात्रसुद्धा मशीनशिवाय नाही. ते बंद पडलं की मी आपला मोजत बसतो... घेतला, सोडला, घेतला... सोडला का? सोडला. अशी काय झोप लागणार?

तुम्ही म्हणाल, मग वीज असेल तिथेच राहा ना! राहिलोच होतो. तीन वर्षं एका जागी, वायर लावून, सुखात. पण ताईचा फोन आला.

ताई म्हणजे हिची थोरली बहीण. दोघींचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. का? घोरण्यावरून! आम्ही ताईकडे राहायला गेलो होतो, आणि सकाळी ताई चारचौघांत म्हणाली, "रात्री मला वाटलं, कुणीतरी भिंत पाडतंय." झालं! ही उठली, पिशवी भरली, "पुन्हा तुझ्या घराचा उंबरा ओलांडणार नाही!" आणि नाही ओलांडला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की ते घोरणं साधं नव्हतं, दुखणं होतं, तेव्हा मी एवढंच म्हटलं, "म्हणजे ताईचं बरोबर..." ते वाक्य मी आजपर्यंत पुरं केलेलं नाही.

तर ताईचा फोन. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, येत्या सोमवारी. घरात एकटी. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "ये." आणि ठेवला. ही अर्धा तास भांडं घासत होती. एकच भांडं! मग म्हणाली, "जाऊ. पण मी तिच्या घरात पाऊल टाकणार नाही. ट्रेलर तिच्या दारात लावायचा, मी माझ्या पलंगावर झोपणार. आणि तिच्या घरची वायर माझ्या घरात येता कामा नये!"

"अगं, मग मशीन?"

"ते तुम्ही बघा."

म्हणजे बघा, भांडण दोघी बहिणींचं, आणि ते मिटवायचं कुणी? बॅटरीने!

गेलो दुकानात. दुकानदाराने आमच्या डब्याचा फोटो बघितला आणि म्हणाला, "आजोबा, हा कन्व्हर्टर नाही, ही आठवण आहे. दिवसभर लावून ठेवलात तरी बॅटरी अर्धीच. नवा मोठा घ्या, तीन-चार तासांत तुडुंब. वाटेत कुठल्याही पंपावर गोड बोलून वायर लावायची, रात्रीची सोय झाली. फक्त त्याची जागा बदला." का, तर आमचा डबा मागच्या टोकाला मोरीखाली, आणि बॅटरी पुढच्या टोकाला, गाडीला जोडायच्या दांडीवर. मध्ये लांबलचक बारीक वायर. "शेवटच्या नळाला पाणी कसं करंगळीएवढं येतं? तसं होतंय. बॅटरीजवळ न्या, जाड वायर टाका. एक डबा काढायचा, एक डबा बसवायचा..." आणि मग तो चहा.

बरं, काढायला घेतला. आधी बाहेरची वायर काढली, बॅटरीचं टोक सोडलं, तेवढं मला कळतं. चार स्क्रू होते. तीन निघाले. चौथा कुठे? मोरीच्या नळाच्या मागे! म्हणजे ज्याने बसवला त्याने आधी स्क्रू मारला आणि त्याच्यापुढे मोरी बांधली. त्याचं माझं काय वैर होतं? मी पोटावर पडलेला, मान भांड्यांच्या फळीखाली, टॉर्च दातात, आणि शेजारच्या ट्रेलरमधले गृहस्थ खुर्ची घेऊन दारात हजर. त्यांना आम्ही 'मी-असतो-तर' म्हणतो. "मी असतो तर आधी नळ काढला असता." मी म्हटलं, "ऊं." टॉर्च होता ना दातात. "मी असतो तर उताणा झोपलो असतो." "ऊं." "मी असतो तर हा ट्रेलरच घेतला नसता." तुम्हाला सांगतो, मी चिडत नाही, पण तो टॉर्च चावला गेला. खूण आहे अजून.

दुपारपर्यंत एक डबा निघाला. एक बसवायचा राहिला. बसवायचा कुठे? पलंगाखालच्या खणात, बॅटरी त्या भिंतीच्या अगदी पलीकडे. पण तो खण हिचा!

"तो सोडून कुठेही बसवा."

"अगं, बॅटरी तिथे आहे."

"मग बॅटरी हलवा."

मला गप्प बसता येतं, तेवढं एक शिक्षण झालंय माझं. शेवटी म्हणाली, "सरका. माझं सामान मी काढते." रजया निघाल्या, लोकरीचे गुंडे निघाले, उघडत नाहीत अशा तीन छत्र्या निघाल्या. आता हे जाणार कुठे? त्या नव्या डब्याला चारी बाजूंनी हवा लागते म्हणे, त्याला चिकटून काही ठेवायचं नाही. आम्हाला दोघांना एवढी हवा नाही त्या घरात! मग रजया गेल्या चपलांच्या कपाटात, चपला गेल्या भांड्यांच्या फळीवर, भांडी गेली शेगडीखाली, आणि माझी हत्यारांची पेटी गेली न्हाणीत. अंघोळ करायची तर एका पायावर.

आणि तळाशी काय निघालं? अर्धवट विणलेला स्वेटर. हिरवा, एकाच बाहीचा.

"हा कुणाचा गं?"

"कुणाचा नाही."

"एवढ्या बारीक अंगाचं आपल्यात ताईशिवाय..."

"तुम्ही डबा बसवा!"

बसवायला घेतला. आता मला वाचता येत नाही, माहितीचं पुस्तक हिनेच वाचायचं. ही चष्मा पुसून पलंगावर बसली. "अभिनंदन! आपण आमचा कन्व्हर्टर निवडल्याबद्दल..."

"ते सोड, वायरचं वाच."

"पुस्तक मधूनच वाचायचं नसतं."

पान दोन, डब्यात काय काय आहे. पान चार, डब्यावर पाणी ओतू नये. अगं, कोण ओततंय? पान पाच, पाळीव प्राण्यांना दूर ठेवावं. मी दारातल्या खुर्चीकडे बघितलं. तोवर माझी जाड वायर टाकून झाली, जुन्या जागेवरून बाहेरच्या विजेची वायर ओढून झाली, फक्त बॅटरीच्या दोन तारा राहिल्या. एक काळी, एक पांढरी. आता पस्तीस वर्षं ट्रकमध्ये काय बघितलं? काळी म्हणजे उणे. झोपेतून उठवून विचारा! काळी उण्याला लावली, पांढरी अधिकला, बाहेर जाऊन बॅटरीचं टोक टेकवलं...

टक्! टक्!

दोन फ्यूज. दोन्ही गेले. जळका वास सुटला. 'मी-असतो-तर' सुद्धा "मी अस..." म्हणून थांबले. आणि ही पलंगावरून, शांतपणे, पानं उलटून, "'सावधान. ट्रेलरमध्ये काळी तार अधिकची आणि पांढरी उण्याची असते. उलट जोडल्यास फ्यूज जळतील.' पान चौदा."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"आधी सहावं पान होतं!"

आता कुणावर चिडायचं? दुकानदार म्हणाला, "ते फ्यूज मागवावे लागतील, उद्या येतील." तो बुधवार होता. गुरुवारी म्हणाला, उद्या. सोमवारी ऑपरेशन, रस्ता दोन दिवसांचा, आणि घरात ना जुना डबा ना नवा. जुना परत बसवावा तर तो चौथा स्क्रू! ही ओरडली असती तर बरं झालं असतं. पिशवी भरून दाराशी ठेवलेली, आणि ही खिडकीत, हातात सुया. दुसरी बाही. मी बघितलं नाही असं केलं. फक्त एकदा म्हणाली, "तिला उचलून पाणी द्यायलाही कुणी नाही." मी बाहेर जाऊन उगाच चाकांची हवा बघितली. चारदा बघितली.

शुक्रवारी सकाळी फ्यूज आले. काळी अधिकला, पांढरी उण्याला. हिच्याकडून पान चौदा तीनदा वाचून घेतलं. वायर लावली आणि काय सांगू, पलंगाखालून भर्रर्र...

ही दचकून उठली. "माझ्याखाली कोण घोरतंय?"

"पंखा आहे त्याचा. भरताना फिरतो. भरली की गप्प."

बराच वेळ कान देऊन ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "एवढं जोरात होतं का हो माझं?"

बारा वर्षांचं अर्धं वाक्य माझ्या ओठावर आलं. मी म्हटलं, "छे! याच्या निम्मंसुद्धा नाही." या वयात माणूस उगाच जोखीम घेत नाही.

दुपारपर्यंत बॅटरी तुडुंब. निघालो. रात्री माळावर थांबलो, मशीन सकाळपर्यंत चाललं, मला झोप लागली. पहिल्यांदा त्या दुकानदाराबद्दल बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी एका पंपावर वायर लावून पुन्हा भरून घेतली, आणि संध्याकाळी ताईच्या दारात.

ताई काठी टेकत फाटकापर्यंत आली. ही ट्रेलरच्या दारात, वर.

ताई म्हणाली, "जाडी झालीस."

ही म्हणाली, "तू वाळलीस."

बारा वर्षांनी! हेच!

मग ताईने पायरीवर पाय ठेवला, तिला वर यायचं होतं. गुडघा वळेना. पुन्हा ठेवला. कळवळली, पण काठी रोवून तिसऱ्यांदा पाय उचलायला लागली. आणि आमची ही, तुम्हाला सांगतो, जी उंबरा ओलांडणार नव्हती ती धाडधाड पायऱ्या उतरली. "मूर्ख आहेस का? पडशील ना! चल आत!" तिला धरून तिच्याच घरात घेऊन गेली. मी आपला बाहेर उभा. दोन मिनिटांनी ही परत आली. मला वाटलं, मला बोलवायला आली. ट्रेलरमध्ये शिरली, स्वेटर घेतला, मशीन काखेत मारलं, नळी गळ्यात टाकली. म्हणाली, "ताईच्या पलंगाशेजारी भिंतीत प्लग आहे. रात्री उठायला लागलं तर कुणीतरी जवळ हवं ना तिला. तुम्ही झोपा आरामात."

आज नववा दिवस. ऑपरेशन छान झालं, ताई चालायला लागली, खिदळण्याचा आवाज इथपर्यंत येतो. मी इथे एकटा. नवा डबा, जाड वायर, ताईच्याच घरच्या विजेवर बॅटरी काठोकाठ भरलेली, हिरवा दिवा लागलेला. सकाळी ही खिडकीतून ओरडून विचारते, "बॅटरी भरलेली आहे ना हो?" मी म्हणतो, आहे. सांभाळून ठेवा, म्हणते.

ठेवतो की. मला काय... मला झोपायला वीज लागतच नाही.