पुरावा काय, टीचरबाई?

...अहो, गोष्ट म्हणजे कशी पाहिजे? राजा पाहिजे, राक्षस पाहिजे! आणि ही टीचरबाईंची गोष्ट ऐका, 'लग्नात बँड वाजतो. आवाज मोठा असतो. मी हेडफोन लावू शकते.' संपलं! ही गोष्ट झाली? तुम्हाला सांगतो, मी हैदराबादच्या गौलीगुड्यातला जुना वकील, उभा जन्म कोर्टात गेला, मी सरळ विचारलं, पुरावा काय?

नाही, आधी ऐका. माझी नात प्रणिता, अकरा वर्षांची, ऑटिझम आहे तिला. मागच्या एका लग्नात बँड सुरू झाला आणि पोर टेबलाखाली शिरून अशी किंचाळायला लागली... आम्ही न जेवता घरी! तेव्हापासून सूनबाई, म्हणजे शिल्पा, कुणाच्या दारात पाऊल टाकेना. आणि आता माझ्या सख्ख्या पुतणीचं लग्न, दिलसुखनगरला! तर शिल्पानं ही आबिड्सची, अशा मुलांना शिकवणारी टीचरबाई गाठली. मुलीसाठीच गोष्ट लिहायची, रोज संध्याकाळी वाचायची, मग मुलगी लग्नात बरोबर वागते म्हणे. म्हटलं, बाई, पुरावा काय?

तर ती काय म्हणाली असेल? "अंकल, पुरावा थोडा कच्चाच है. कुछ बच्चों को फायदा होता, कुछ को नहीं होता. स्टडीज भी छोटे छोटे हैं. आपकी बच्ची को क्या होता, देखना पडता."

अहो, मी खुर्चीतच गार! स्वतःच्या तोंडानं स्वतःची केस पाडते ही बाई! माझा साक्षीदार असं बोलला असता तर मी कोर्टातच आडवा झालो असतो! पण शिल्पा म्हणते, "मामंजी, खोटं नाही ना बोलल्या त्या? मग करून बघू." झालं! रोज संध्याकाळी तेच, 'लग्नात बँड वाजतो...' मी दुसऱ्या पानावरच उठून जायचो. कोण ऐकणार!

आला लग्नाचा दिवस. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, आणि बँड असा फुटला की माझ्याच काळजाचं पाणी! बघतो तर प्रणितानं हेडफोन लावलेले. टेबलाखाली नाही, ओरडणं नाही, सरळ माझ्याकडे आली आणि बाही ओढली. "बाहेर." आता वधू-वर एकमेकांना हार घालणार, समोर व्याही उभे... मी ओरडलो, "थांब गं! लोक काय म्हणतील?"

आणि नेमका बँड थांबला. हेडफोन कानावर, त्यामुळे आवाजाचा अंदाज नाही, पोर भर हॉलमध्ये खणखणीत म्हणते, "आजोबा ओरडत नाहीत! आजोबा माझा हात धरतात! आजोबा लोक काय म्हणतील असं म्हणत नाहीत!"

अहो, हे वाक्य गोष्टीत होतं?! मला काय माहीत! अख्खा हॉल माझ्याकडे बघतोय! शेजारची एक बाई म्हणाली, "अय्यो, बच्ची तो बराबर बोल री!" काय करता? मुकाट्यानं हात धरला, बाहेर गेलो. पोर उभ्या गाड्यांचे नंबर वाचत शांत बसली, हात मात्र सोडला नाही हो माझा... मग म्हणाली, "जेवण." आत आलो. शिल्पा ब्रेडचा तो डबल का मीठा दुसऱ्यांदा वाढून घेत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी तिकडं बघितलं नाही. मलाही घास गिळायचा होता ना!

दुसऱ्या दिवशी टीचरबाईंना मीच फोन लावला. म्हटलं, बाई, गोष्ट चालली! तर ती म्हणते, "अंकल, पुरावा क्या? हेडफोन से हुआ, कि कहानी से?" घ्या! मलाच उलटतपासणी! तेवढ्यात शिल्पानं फोन घेतला. "मॅडम, मुलीचं नक्की सांगता येत नाही. पण मामंजी सकाळपासून एकदाही ओरडले नाहीत."

टीचरबाई विचारते, "उमर क्या है उनकी?"

"एकाहत्तर."

"सॉरी मॅडम... इस उमर पर तो कोई स्टडीच नहीं है."