टोमॅटोचं ऊन

दंतवैद्याकडे, दुखऱ्या दाढेवर गाल दाबून मी कोपऱ्यात अंग चोरून बसलो होतो. समोर एकाच इमारतीतल्या दोन शेजारणी होत्या. थोरली पहिल्या मजल्यावरची, धाकटी तिच्या बरोबर खाली राहणारी.

“अगं, आवारातलं ते झाड तोडायचं ठरलंय. तुझा तेवढा होकार राहिलाय.”

“का हो काकू? किडलंय का?”

“छे! त्याच्या सावलीने माझ्या गॅलरीतले टोमॅटो धरेनात. पर्यावरणासाठी मी एवढी राबते, आणि हे मेलं झाड आडवं येतं!”

“पर्यावरणासाठी झाड तोडायचं. वा!”

“टोमणे मारू नकोस. माझं सगळं सेंद्रिय असतं.”

“कुऱ्हाडसुद्धा?”

“तुला नाही कळायचं ते. एक रोपटं तरी आहे का तुझ्या घरात?”

“नाही. सासूबाई आहेत, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची दुपार त्या झाडाच्या सावलीवरच निभते. खिडकीतून थेट ऊन आलं, तर कुशीवर वळायचीही ताकद नाही त्यांच्यात.”

“अगंबाई, एवढंच ना? त्यांच्या खिडकीत ठेवायला मी एक कुंडी देते. हिरवंगार बघून बरं वाटेल त्यांना.”

“कुंडी राहू द्या, काकू. मी सासूबाईंनाच तुमच्या गॅलरीत आणून ठेवते.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्या सुकायला लागल्या, तर तुमचं निदान लक्ष तरी जाईल.”