बारा गुंड्यांचा कोट

नाही, नाही साहेब, शेरा लिहू नका अजून — स्वल्प थांबा, बसा तरी. बारातून पाच गेले, किती उरले, असं विचारलंत आणि सगळा वर्ग एका सुरात ‘बारा’ म्हणाला — ऐकलं मी, फळ्यापाशीच होतो ना. पण मुलं मठ्ठ नाहीत हो! चूक माझी — म्हणजे माझ्या गोष्टीची. ही सगळी चिकपेटेतल्या शिंप्यांची पोरं. नुसते आकडे मांडले की जांभया देतात. म्हणून मी गोष्ट रचली — राजाच्या कोटाला बारा गुंड्या, शिंपी कोट घेऊन निघाला, वाटेत काटेरी रान, पाच गुंड्या तुटल्या. किती उरल्या? सात! पहिल्या दिवशी सगळी सातच म्हणाली, देवाशपथ. मग ती विद्या — ती बघा, दोन वेण्यांची — उठून म्हणते, ‘मास्तर, असा कोट गिऱ्हाइकाला कोण देतं? आमच्या अप्पांनी गुंड्या लावून दिल्या असत्या.’ खरंच की! मग मी शिंप्याला झाडाखाली बसवला, सुईदोरा दिला, पाचही गुंड्या लावून घेतल्या. काय टाळ्या पडल्या, साहेब! तेव्हापासून रोज वजाबाकी झाली की लावतोच.

सातवर थांबायचं होतं म्हणता? सरी, बरोबर आहे, थांबायचंच होतं. मला नाही थांबवत. एखादं गेलं ते गेलं, असं सोडून देणं — आमचा अण्णा, माझा थोरला भाऊ, वारला ना, तर आई वर्षभर त्याचं पान वाढत होती, आणि मीही कधी उचल म्हणालो नाही. फार हुशार अण्णा. सातवी पहिल्या नंबरानं पास. मी कुठला, चौथीतच शाळा सोडून काजं करायला बसलो —

नाही, म्हणजे — दाखल्यावर सातवी आहे, बरोबर आहे. नाव श्रीधर कृष्णाजी, तेच. तो कागद परत का उघडलात, साहेब? खिडकीपाशी कशाला नेता? जन्मसाल जुळत नाही, ते — कारकुनानं — साहेब, इकडे बघा ना. मुलांना एकदा विचारा, फक्त एकदा, मी गोष्ट न सांगता. पाढे विचारा, चौदापर्यंत येतात. बोल गं विद्या, बारातून पाच — बघा, सात म्हणाली! बघा! आता तरी शाळेची मंजुरी काढून घेऊ नका. माझं काय करायचं ते करा. हा वर्ग बंद पडला तर ही उद्यापासून घरी गुंड्या लावत बसतील, सगळीच्या सगळी.

काय म्हणालात? माझं नाव?

पोरांसमोर नको, साहेब.

जा रे, पाट्या उचला. जा म्हणतो ना घरी.

परसू.